खासगी मालकाकडून जुनी थ्री नॉट थ्री घेतोय. बघायला जाताना काय काय तपासू?

कवडसा

नमस्कार मंडळी.

क्लबात .२२ वर नेमबाजी करतो. जुन्या लष्करी रायफलींच्या वेगळ्या स्पर्धा असतात, त्यांत उतरायचं मनात आहे, आणि उतरायचं तर ली-एन्फिल्ड, म्हणजे थ्री नॉट थ्री (.३०३), घेऊनच, हे केव्हाचं ठरलेलं आहे. मी राहतो तिथे ती परवान्यावर घेता येते. माझ्या परवान्यात तशी मंजुरी मिळालेली आहे, त्यामुळे ती बाजू मोकळी आहे.

आता एका गृहस्थांशी गाठ पडलीय. व्यापारी नाहीत. वडील गेले, त्यांच्या मागे ही रायफल परवान्यावर यांच्या नावे आली, आणि यांना नेमबाजीत रस नाही. फोनवर बोलायला सज्जन वाटले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रायफल एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड) नंबर १, मार्क ३*, साल १९१६. आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होते, त्यांनी तीच तिथे वापरली आणि युद्ध संपल्यावर घरी आणली. सगळे नंबर जुळतात, नळी आतून आरशासारखी आहे, असंही म्हणाले. दोन फोटो पाठवलेत, पण लांबून काढलेले, त्यात मला तरी लाकूड आणि पट्टा यापलीकडे काही कळलं नाही.

आणखी कोणीतरी विचारतंय, तेव्हा लवकर ठरवा, असा त्यांचा आग्रह आहे.

दुकानातून घेतली असती तर निदान विचारायला जागा राहिली असती. इथे एकदा व्यवहार झाला की झाला. तर बघायला जाईन तेव्हा काय, कुठे आणि कसं पाहू? गोळी झाडून बघायला मिळणार नाही हे गृहीत धरा.

जुना_आर्मरर

कवडसा, माझं सगळं आयुष्य आर्मररच्या, म्हणजे लष्करी हत्यारं दुरुस्त करण्याच्या, कामात गेलं आणि हाताखालून गेलेल्या बहुतेक रायफली थ्री नॉट थ्रीच. त्यामुळे उत्तर लांबणार, वाचा सावकाश.

आधी आजोबांची गोष्ट बाजूला ठेवा. ते गृहस्थ खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही. घरात लहानपणापासून ऐकलेलं माणूस खरं मानूनच सांगतो. पण या रायफलीवर तिची स्वतःची नोंद ठोकलेली असते, ती वाचता आली की कोणाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही. ‘दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणून तर अजिबात घाई करू नका. रायफल शंभर वर्षं टिकलीय, आणखी आठवडाभर कुठे जात नाही. गेलीच, तर ली-एन्फिल्ड लाखांनी बनल्यात, दुसरी मिळेल.

हातात घेतल्यावर पहिलं काम: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. चापाच्या कड्यात पुढच्या बाजूला मॅगझिनची कळ असते, ती वर दाबून मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढा. मग बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा सरकता दांडा, मागे ओढा आणि चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. मालक ‘रिकामीच आहे हो’ म्हणाले तरी हे करायचंच. वारसाहक्काने आलेल्या, कित्येक वर्षं कोणी न उघडलेल्या हत्यारात काडतूस निघू शकतं.

आता वाचन. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तो भाग म्हणजे बट सॉकेट. त्याच्या उजव्या अंगावर वरून खाली मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल आणि मॉडेल असं कोरलेलं असतं. १९१६ ची इंग्लंडमधली असेल तर जी.आर. म्हणजे पाचवा जॉर्ज, खाली एन्फिल्ड किंवा बीएसए किंवा एलएसए, मग साल, मग ‘एसएचटी. एल.ई.’, म्हणजे शॉर्ट ली-एन्फिल्ड, आणि मार्कचा आकडा. मूळ मार्क ३ आली १९०७ साली. युद्धात उत्पादन भराभर व्हावं म्हणून १९१६ मध्ये तिच्यातून मॅगझिन कट-ऑफची (मॅगझिन बंद ठेवून एकेक काडतूस घालू देणारी) पट्टी आणि लाकडाच्या डाव्या बाजूचं लांब पल्ल्याचं ‘व्हॉली साइट’ काढून टाकलं. तीच मार्क ३*. म्हणजे १९१६ साल आणि तारांकित मार्क ही जोडी बसते. पण तारा आहे आणि व्हॉली साइटही चकाचक बसवलेलं आहे, असं दिसलं तर कोणीतरी नंतर सजावट केलीय असं समजायला हरकत नाही.

अक्षरांचं वळणही बघा. पेशावर आणि कोहाट यांच्यामधल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या ली-एन्फिल्डच्या नकला हाताने घडवल्या. त्यांची हातोटी थक्क करणारी आहे. पण शिक्का कोरणाऱ्याला इंग्रजी वाचता यायचंच असं नाही. त्यामुळे एन्फिल्डच्या स्पेलिंगमध्ये अक्षर गाळलेलं, ‘एन’ आरशात पाहिल्यासारखा उलटा, असले प्रकार सापडतात. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये गेली, तरी तिचं ‘व्ही.आर.’ आणि लगेच खाली १९१० च्या पुढचं साल एकाच शिक्क्यात दिसतं. अशी रायफल भिंतीवर लावावी. तिचं लोखंड कुठलं आणि त्याला पाणी कसं दिलंय हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिच्यातून गोळी झाडायची नाही.

मग नंबर. इंग्लंडमध्ये बनलेल्या नंबर १ वर तो रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी घराच्या, पुढच्या कड्याच्या उजव्या बाजूला असतो. तोच नंबर नळीच्या मुळाशी, बोल्टच्या दांड्याच्या मागच्या अंगावर, मागच्या साइटच्या पानाखाली, तोंडाकडच्या लोखंडी टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या टोकाखाली शोधा. सगळे जुळले तर आनंद आहे. टोपीचा किंवा साइटचा नाही जुळला तरी मी रायफल सोडणार नाही, लष्करात असले भाग सर्रास बदलले जायचे. बोल्टचा न जुळलेला मात्र मी चालवून घेत नाही. बोल्टच्या मागच्या खुंट्या त्या-त्या रिसीव्हरमध्ये दोन्ही बाजूंनी सारख्या टेकाव्यात म्हणून एकेक घासून बसवलेल्या असतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो, बंदही होतो, आणि सगळा जोर एकाच खुंटीवर घेतो. बाहेरून काही कळत नाही.

आणि एक शिक्का असा आहे की तो दिसला की तपासणी तिथेच थांबवायची: ‘डीपी’, म्हणजे ड्रिल पर्पज. ही कवायतीसाठी काढलेली रायफल. कधी चेंबरला भोक पाडलेलं असतं, कधी बोल्टची पिन कापलेली असते, आणि कधी वरकरणी काहीच केलेलं दिसत नाही, फक्त ती झिजून किंवा तडकून बाद झालेली असते. हा शिक्का घासून काढलेला असू शकतो, तेव्हा रिसीव्हरवर, नळीवर आणि लाकडावर घासल्याचा खळगा आहे का ते तिरप्या उजेडात बघा.

जवळून फोटो मागवा. बट सॉकेट दोन्ही बाजूंनी, बोल्टचा दांडा मागून, नळीचं मूळ, नळीचं तोंड. न कचरता मागा. विकणाऱ्याचं मन साफ असेल तर पाच मिनिटांत पाठवेल.

लिंबोणी

आर्मररकाकांच्या उत्तरात मी फक्त कागदांचं घालते, कारण खासगी व्यवहारात लोक तिथेच ढिले पडतात.

मालकाचा परवाना आणि त्यावर नोंदलेला नंबर तुम्ही स्वतः वाचा, आणि तो रिसीव्हरवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांच्या नावावरून यांच्या नावावर रायफल आली तो कागदही मागा. ‘अजून वडिलांच्याच नावावर आहे, पण काही अडत नाही’ असं ऐकलंत तर तिथेच थांबा. ती रायफल आज कायद्याने त्यांची नाही, तर ती ते विकणार कशी?

देशागणिक रीत वेगळी आहे. ब्रिटनमध्ये ली-एन्फिल्डसाठी फायरआर्म सर्टिफिकेट लागतं आणि हस्तांतर झाल्यापासून सात दिवसांत दोघांनीही पोलिसांना कळवायचं असतं. अमेरिकेत दोघे वेगवेगळ्या राज्यांत राहत असतील तर १९६८ च्या कायद्याने व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागतो, आणि कित्येक राज्यांचे स्वतःचे नियम त्याहून कडक आहेत. भारतातून वाचणाऱ्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. तिथे .३०३ हा निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, आणि ‘जुनी आहे म्हणजे अँटिक’ ही समजूत चुकीची आहे. शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा हत्यारापुरती आहे. थ्री नॉट थ्री तशी नसते.

तुमच्याकडे सक्ती नसली तरी व्यवहार परवानाधारक विक्रेत्याच्या जागेत करा. तो थोडं शुल्क घेईल, पण हस्तांतराची नोंद नीट होते, अनोळखी घरी जावं लागत नाही, आणि बहुधा तिथेच एखादा गनस्मिथ, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा कारागीरही, मिळतो. पैसे खात्यातून द्या, पावतीवर मॉडेल, नंबर, तारीख आणि दोघांची सही. नोंद होण्याआधी रायफल गाडीत टाकून आणू नका, मालक कितीही भले असोत.

कवडसा

दोघांचेही आभार. व्यवहार विक्रेत्याच्या दुकानातच करायचा, हे मालकांना सांगितलं, त्यांनी आनंदाने मान्य केलं. परवाना आणि वारसाचा कागद व्यवस्थित आहे. फोटोही मागितले, तर खरंच तासाभरात आले.

आता जे दिसतंय ते लिहितो. बट सॉकेटवर मुकुट, जी.आर., एन्फिल्ड, १९१६, एसएचटी. एल.ई., मार्क ३ आणि पुढे तारा. अक्षरं सरळ, सारख्या खोलीची. डीपी कुठे नाही, घासल्याची खूणही दिसत नाही. रिसीव्हर आणि नळीचा नंबर एकच. बोल्टच्या दांड्यावर मात्र एक जुना नंबर आडवी रेघ मारून खोडलाय आणि शेजारी रिसीव्हरचा नंबर वेगळ्या वळणाच्या आकड्यांत ठोकलाय. नळीच्या मुळाशी साल ’४३ आहे. म्हणजे रायफल १९१६ ची आणि नळी १९४३ ची?

पुढच्या लाकडात मॅगझिनच्या जरा पुढे आरपार एक स्क्रू आहे. इतर फोटोंत मला असा स्क्रू दिसला नाही. आणि नळीवर बारीक अक्षरांत ‘.३०३, २.२२२, १८.५ टन’ असं काहीतरी आहे.

हे सगळं बघून मी गोंधळलोय. सोडून देऊ का?

जुना_आर्मरर

सोडू नका! तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला ती रायफल आणखी आवडली.

खोडलेला नंबर आणि शेजारी नवा, हे आर्मररच्या कामाचं चिन्ह आहे. जुना बोल्ट बाद झाला, साठ्यातला दुसरा घेतला, खुंट्या घासून या रिसीव्हरला बसवला, जुना नंबर सगळ्यांना दिसेल असा खोडला आणि नवा ठोकला. लपवायचं असतं तर जुना नंबर घासून गुळगुळीत केला असता. आकड्यांचं वळण वेगळं आहे ते त्यामुळेच, ते दुसऱ्या वर्कशॉपच्या पंचचे आहेत. नळी ’४३ ची यातही वावगं काही नाही. नळी झिजते, बदलली जाते. रिसीव्हर आणि नळी यांवर एकच नंबर आहे म्हणजे बदल सरकारी हातांनी, नोंद ठेवून झालाय.

आता तो स्क्रू. हा इशापूरचा. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने तिथल्या हवामानात लाकूड उकलू नये म्हणून पुढच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे हा आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली. तिथे नव्या बनलेल्या रायफलींत तो असतो आणि दुरुस्तीसाठी आलेल्या इंग्लिश रायफलींतही घातलेला सापडतो. म्हणजे ही रायफल बनली एन्फिल्डला, पण पुढे हिंदुस्थानात गेली आणि तिथल्या वर्कशॉपात तिचं लाकूड हाताळलं गेलं.

आणि ‘१८.५ टन’ म्हणजे व्यापारी प्रूफ. ब्रिटनमध्ये सरकारी हत्यार बाजारात विकायचं तर ते लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमधून जादा दाबाची काडतुसं झाडून तपासून घ्यावं लागतं. .३०३ हा बोअर, २.२२२ इंच ही काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, १८.५ टन हा चौरस इंचाला धरलेला दाब. हे शिक्के असतील तर लष्कराने ती कधीतरी काढून टाकली आणि नंतर ती रीतसर व्यापारातून गेली. शिवाय नळीच ’४३ ची आहे. म्हणजे १९१८ मध्ये फ्रान्सहून घरी आलेली ही रायफल नव्हे. आजोबा खरोखर फ्रान्समध्ये असतील, त्यांच्या हातात अशीच मार्क ३* असेल, आणि पुढे त्यांनी किंवा वडिलांनी तिची आठवण म्हणून ही विकत घेतली असेल. मालकांना हे सांगायचं असेल तर हळुवार सांगा, त्यांच्या घरातली ती मोठी आठवण आहे. तुम्ही मात्र ‘फ्रान्सच्या खंदकातली रायफल’ म्हणून एक पैसाही जादा देऊ नका.

आता प्रत्यक्ष तपासणी. नेमबाजीसाठी घेताय, म्हणून सगळ्यात जास्त वेळ नळीला द्या.

बोल्ट काढायला: मागे पूर्ण ओढा, बोल्टचं डोकं उजव्या कडेच्या स्प्रिंगमधून वर उचकटा, मग बोल्ट मागून बाहेर येतो. नळीत कोरडी चिंधी ओढून तेल पुसून टाका, तेलाने भरलेली नळी नेहमीच आरशासारखी दिसते. मग मागून, पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडाकडे बघा. चऱ्यांच्या, म्हणजे नळीत आतून कोरलेल्या वळणदार खोबणींच्या, कडा धारदार आहेत का ते महत्त्वाचं. खोबणीत थोडा काळेपणा, बारीक खरवड असली तर घाबरू नका, तशा नळ्या छान मारतात. कडा गोल झाल्या असतील तर चमक कितीही असो, उपयोग नाही. आणि कुठे गोल काळी कडी दिसते का ते नीट शोधा. दिसली तर बाहेरूनही त्या जागी बोट फिरवा. नळीत अडथळा असताना गोळी झाडली की नळी आतून फुगते, ती कडी म्हणजे तो फुगवटा. अशी नळी बाद.

काळी खरवड का येते तेही सांगतो. जुन्या लष्करी .३०३ काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे क्षार राहतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंड खातो. तेलाने तो विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतो. म्हणून मागून नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी करून तेल, ही लष्कराची शिस्त होती. ज्याने आळस केला त्याची नळी गेली.

तोंड बघताना वेगळी काळजी. पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासून ओढली की तोंडाची ती बाजू झिजते आणि भोक किंचित लांबट होतं. नळी बाकी उत्तम असूनही गोळ्या विखुरतात. गनस्मिथकडे डमी काडतूस असतं, त्याची गोळी तोंडात उभी सोडायची. ती काडतुसाच्या मानेपर्यंत थेट आत बुडाली तर तोंड थकलंय. थोडा भाग बाहेर राहिला आणि सगळीकडून सारखी बसली तर ठीक.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा यांमधलं अंतर, गनस्मिथनेच बघायचा. .३०३ च्या काडतुसाला मागे कड असते आणि हेडस्पेस त्या कडेवर धरला जातो. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ च्या लष्करी गेजवर बंद होता कामा नये. नुसत्या बोटाच्या हलक्या दाबाने, जोर लावून नव्हे. नंबर ४ रायफलीला बोल्टची डोकी ०, १, २, ३ अशा मापांत मिळतात, बदलली की काम होतं. नंबर १ ला असे क्रमांक नाहीत, एकेक डोकं लावून बघत बसावं लागतं. तेव्हा हा दोष निघाला तर भावात धरा.

एक मात्र हात जोडून सांगतो. दस्ता जोडून ठेवणारा मागचा लांब स्क्रूसारखा बोल्ट उघडायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका, मालकाला नाही, दुकानदाराला नाही. त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता तो बोल्ट फिरवला की लाकूड मागून फुटतं. किती चांगली लाकडं मी अशी फुटलेली पाहिलीत.

शिसम

लाकडाचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्याकडून. मी जुन्या रायफलींची लाकडंच दुरुस्त करतो.

नंबर १ चा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या भागातल्या दोन खांद्यांवर येतो. ते खांदे तेलाने मऊ झाले किंवा चेपले की लोखंड आत हलायला लागतं आणि नेम टिकत नाही. लाकूड न उतरवता हे कळायला एक खूण आहे. एका हाताने नळी आणि दुसऱ्या हाताने पुढचं लाकूड घट्ट धरा, पुढेमागे ढकला. जराही सरकल्याचं जाणवलं तर खांदे गेलेत. दुरुस्त होतात, पण तो वेळ आणि खर्च तुमच्या डोक्यावर. लाकडाच्या अगदी मागच्या टोकाला, बट सॉकेटला टेकतं तिथे, उभी चीर आहे का तेही बघा.

आणि घेतल्यावर कृपा करून सँडपेपर लावू नका, वॉर्निशही नको. लाकडावरचे शिक्के एकदा घासले गेले की परत येत नाहीत. कच्चं जवसाचं तेल हाताने चोळा, एक दिवस सोडा, पुन्हा चोळा. एवढंच.

खडीसाखर

या धाग्यावर दुसऱ्या रायफली घेणारेही येतील म्हणून विचारते. आर्मररकाका, हेच सगळं माउझर किंवा स्प्रिंगफिल्डला लागू होतं का?

जुना_आर्मरर

नळी, तोंड, बोल्टचा नंबर, हेडस्पेस हे सगळ्यांना लागू. पण प्रत्येक जातीचं स्वतःचं एक दुखणं असतं, ते ठाऊक हवं.

स्प्रिंगफिल्ड एम१९०३ चं दुखणं गंभीर आहे. सुरुवातीच्या रिसीव्हरांना पाणी देताना लोखंड किती तापलंय हे कामगार रंगावरून, डोळ्यांनी ठरवायचे. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात तोच रंग वेगळा दिसतो, त्यामुळे कित्येक रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले आणि काही फुटले. १९१८ मध्ये पद्धत बदलली. म्हणून स्प्रिंगफिल्ड कारखान्याचा ८,००,००० च्या आतला आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या आतला नंबर असेल तर संग्रहाला घ्या, झाडायला नको.

माउझर ९८के वर ‘एक्स’चा शिक्का आणि लाखेसारखा तांबूस मुलामा दिसला तर ती सोव्हिएत फौजेने जप्त करून पुन्हा जुळवलेली. नंबर जुळणार नाहीत, जे जुळतील ते पुन्हा ठोकलेले किंवा कोरलेले असतील. मारायला चांगली असू शकते, पण ‘जशीच्या तशी जर्मन’ म्हणून घेऊ नये. मोसिन-नागांत या रशियन रायफलीच्या नळीचं तोंड आतून थोडं रुंद कापलेलं दिसेल, झिजलेलं तोंड कारखान्यानेच असं मागे सरकवलेलं असतं, तो दोष नाही.

आणि इशापूरची २ए किंवा २ए१ दिसायला थेट नंबर १ सारखी, पण ती ७.६२ नाटोची. चौकोनी मॅगझिन ही तिची सोपी ओळख. तिथेच .४१० च्या गुळगुळीत नळीचे मस्केटही जुन्या .३०३ रायफली बदलून केले गेले, पहारेकऱ्यांसाठी. वरचा साचा तोच, म्हणून नळीत डोकावल्याशिवाय आणि बोअरचा शिक्का वाचल्याशिवाय कुठलंही काडतूस आत घालायचं नाही.

कवडसा

जाऊन आलो. गनस्मिथही तिथेच होते.

नळी पुसून पाहिली. मालक म्हणत होते तशी आरशासारखी नाही, खोबणीत काळसर आहे, पण चऱ्यांच्या कडा स्पष्ट. कडी कुठे नाही. डमी काडतूस तोंडात सगळीकडून सारखं बसलं आणि गोळीचा बराच भाग बाहेर राहिला. बोल्ट ०.०६४ वर सहज बंद झाला, ०.०७४ वर झाला नाही. गनस्मिथनी बोल्टच्या खुंट्यांना काळी शाई लावून बोल्ट उघडबंद केला, दोन्हीकडची शाई सारखी पुसली गेली. लाकूड मात्र शिसम म्हणतात तसं पुढेमागे किंचित हललं. मागच्या टोकाला चीर नाही.

तो दोष मालकांना जागेवरच दाखवला आणि त्याचा खर्च भावातून कमी करायला सांगितलं, तर त्यांनी लगेच मानलं. फ्रान्सचं मी स्वतः काढणार नव्हतो, पण स्क्रू कशाचा ते त्यांनीच विचारलं, मग जे इथे कळलं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, आजोबांनंतर वडील बरीच वर्षं जुन्या रायफली शोधत हिंडायचे, आई त्यावरून बोलायची. म्हणजे वडिलांनीच घेतली असणार. आजोबांचा सैनिकी सेवेचा दाखला त्यांच्याकडे आहे. तो त्यांनी ठेवला, आणि ठेवावाच असं मीही म्हणालो.

घेतली. नोंद झाली, पावतीवर नंबर आणि दोघांच्या सह्या आहेत. शिसम, लाकडाच्या खांद्यांसाठी तुम्हाला निरोप पाठवतो. काका, पहिल्यांदा रेंजवर नेताना काडतुसं कुठली घेऊ?

जुना_आर्मरर

अभिनंदन, मनापासून. आजच्या बनावटीची, क्षार न सोडणाऱ्या प्रायमरची घ्या. मूळ मार्क ७ काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची, सुमारे २,४४० फूट सेकंदाला, आणि साइट त्याच हिशोबाने आखलेलं आहे, तेव्हा १७४ च्या आसपासचं वजन बघा. जुन्या लष्करी पेट्या कोणी स्वस्तात दिल्या तर सध्या नको.

मॅगझिन भरताना काडतुसाची मागची कड आधीच्याच्या कडेपुढे राहील असं ठेवा, मागे गेली की अडकतं. पहिल्या काही गोळ्यांनंतर रिकाम्या नळकांड्या उचलून मागच्या कडेच्या जरा वर चकचकीत गोल रेघ आहे का ते बघा. तशी रेघ किंवा भेग दिसली तर लगेच थांबायचं आणि रायफल गनस्मिथकडे न्यायची. आणि शिसमकडे लाकूड होईपर्यंत गट (गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते) मोजत बसू नका, ते विखुरणारच.

शिसम

कवडसा, निरोप मिळाला. लाकूड उतरवू नका, रायफल नोंद करून आहे तशी माझ्याकडे आणायची, मीही परवानाधारक आहे. आणताना बोल्ट वेगळा ठेवा.